सहा पावलांवरचा धूर

कासमचाचा गेला ही बातमी आली तेव्हा मी वाळत घातलेल्या बोंबलांखाली उताणा पडलो व्हतो. कावळे हाकायला बसलो नि मलाच झोप लागली, कावळ्यांनी पोटभर खाल्लं. पारू, माझी बायको, धावत आली. "उठा, कासमचाचा गेला." मी डोळे न उघडता बोललो, "गेला असंल बोर्लीच्या बाजाराला, येईल सांजच्याला." ती गप उभी राहिली. पारू नि गप... तेव्हा मी उठलो. सदरा उलटा चढवला नि तसाच मातीला उभा राहिलो. कबरस्तानात कुणी हसलं न्हाय. हसणारा खाली झोपला व्हता.

त्याचा चाळिसावा दिवस होऊन आता वीस दिवस झाले. आमच्या शाळेचे गुरुजी बोलले, "नाथा, तू सांग, मी उतरून घेतो, पेपरच्या पुरवणीला पाठवू." मी शाळेत दीड दिवस गेलेलो माणूस. बोललो, गुरुजी, माझ्या शब्दांना मच्छीचा वास येईल. ते बोलले, येऊ दे. म्हणून सांगतो.

चाचा आगबोटीवर सुकाणी व्हता, म्हणजे बोटीचं चाक धरणारा. एकाच गोऱ्या कप्तानाच्या पुढं चौदा वर्सं उभा राहिला. कप्तान मागं सहा पावलांवर पाईप ओढत उभा, नि त्याचा धूर चाचाच्या खांद्यावरून पुढं समुद्रात जायचा. "त्याचा चेहरा मी कमी पाहिला, नाथ्या. धूर जास्ती पाहिला," असं बोलायचा. मग लढाईत भर दुपारी बोटीला टारपेडो लागला. कप्तानानं तोंडातला पाईप काढून चाचाच्या हातात दिला. "धर. थांब इथं, मी आलोच," बोलला, नि खाली भट्टीवरच्या माणसांना काढायला गेला. चाचा थोडा वेळ थांबला. बोट कलली, तशी त्यानं उडी मारली. पाण्यावर तेल पेटलेलं व्हतं. त्या धुरातनं माणूस वाचला, नाक वाचलं न्हाय. साहेबाचं राज्य गेलं त्या साली तो बहिणीकडं, हलिमाबीकडं, कायमचा राहायला आला, तेव्हा त्याला रॉकेल नि अत्तर सारखंच. तरी रोज मानेला हिना अत्तर लावायचा. "मला न्हाय कळत, पण तुला तर कळतंय ना, जनावरा?" असं मला विचारायचा.

पण त्या मेलेल्या नाकाला एक वास यायचा. महिन्यातनं एखादे वेळी, टळटळीत दुपारी, भरती पुरी चढली की कप्तानाचा तंबाखू.

हे त्यानं मलाच का सांगितलं, तर माझ्यात देवानं नाक सोडून काही धड घातलेलं न्हाय. बोंबलाला किती दिवसांचं ऊन लागलंय ते मी हुंगून सांगतो. तोंड मात्र असं, की खरं बोललो तरी लोक हसतात. चाचानं मला पडवीत बसवलं, फडक्यातनं कप्तानाचा पाईप काढला नि बोलला, "मला एकच मालूम करायचंय. तो येतो, की माझं डोकं फिरलंय? दुसऱ्या कुणाला वास आला, तर तो खरंच येतो. मग मी उठून पाईप त्याच्या हातात देईन. बोलेन, साब, तुम्ही थांब बोललात, मी थांबलो न्हाय, माफ करा. आणि दुसऱ्याला आला न्हाय तर... हवेला पाईप देणारा म्हातारा, नाथ्या. तुझं नाक मला दे."

मी पाईप हुंगला. मीठ नि तेल. समुद्रानं बाकी सगळं धुऊन नेलं व्हतं. तेव्हा चाचानं ठरवलं, माझ्या नाकाला तो तंबाखू आधी शिकवायचा. कप्तान फक्त एवढं बोलायचा, की ह्यात लाताकिया हाय. शाम मुलखात, गुरुजी त्याला सीरिया बोलतात, त्या नावाचं बंदर हाय, तिथं तंबाखूचं पान झोपडीच्या आढ्याला टांगतात नि खाली महिनोन्‌महिने लाकडं धुमसत ठेवतात. पान काळं पडतं, कोळशासारखं. पण नुसता लाताकिया कुणी ओढत न्हाय. त्यात पिवळं गोड पान नि तुर्की आंबूस पान मिसळतात, नि किती मिसळायचं ते ज्या त्या डब्याचं वेगळं. कप्तानाचा डबा कुठला, ते चाचाला ठाऊक न्हाय. कप्तान घरनं पुडीत आणायचा.

मग सुरू झाले डबे. चाचाचे जुने सोबती बोटीवरनं मुंबईला उतरले की एखादा डबा घ्यायचे, कुणी दिघीच्या बोटीला लावून द्यायचा. त्यावरचं वाचायचं कुणी? मी चित्रांवरनं नावं ठेवली. उंटाचा डबा, मडमेचा डबा, एक नुसता काळा. आमची रीत अशी. चाचा पडवीत आपला पाईप पेटवायचा, मी वारा जातो त्या अंगाला सहा पावलं मोजून उभा. दोन डब्यांच्या मधे ओल्या वाळूची मूठ हुंगायची, म्हणजे नाक धुतलं जातं. सुकटीच्या दोन ढिगांत मी तसंच करतो. उंटाच्या डब्यात काळं पान इतकं, की होळी विझवल्यावर दुसऱ्या दिवशी राखेत तोंड खुपसल्यागत. मडमेचा डबा गोड, काळं पान असून नसल्यासारखं, गुळाच्या ढेपेजवळ कुणी विडी ओढून गेल्यावाणी. काळ्या डब्यात निम्मं निम्मं असावं... आधी लोबान, मग घोड्याचं भिजलेलं खोगीर. ते ऐकून चाचा पुढं सरकला. "लोबान बरोबर. खोगीर बरोबर. पुढं?" पुढं काही न्हाय, चाचा. विझला.

ह्यात मी माझी अक्कल पण चालवली. बोललो, धूरच द्यायचा ना, मग शाम मुलूख कशाला, पारूची चूल हाय की! पावसाळ्यात आम्ही चुलीवर बांबूचा माळा टांगून जवळा सुकवतो. त्याच माळ्यावर मी जवळ्याशेजारी विडीचा तंबाखू पसरला नि दोन महिने धूर दिला. चाचानं विश्वासानं ओढला. वास त्याला कळला न्हाय, पण मांजरांना कळला. त्या दिवशी मशिदीपर्यंत चार मांजरं त्याच्या मागनं गेली. हलिमाबीनं मला आठ दिवस पडवी चढू दिली न्हाय. "ह्याचं नाक कापून ह्याच्याच हातात द्या," असं तिचं मत व्हतं.

नि दोनदा मी थाप मारली. कंटाळा आला व्हता, बोललो, "हाच, चाचा! हाच तुमचा कप्तान!" चाचानं दुसऱ्या दिवशी तोच डबा माझे डोळे बांधून हुंगवला. मी बोललो, हा न्हाय. तो हसला न्हाय. "नाथ्या, तू झूट बोलतोस तेव्हा तुझा डावा पाय हलतो. काल हलत व्हता, तरी मी यकीन ठेवलं." नंतर पारूला विचारलं, तर ती बोलली, व्हय, लग्नाच्या बोलणीपासून हलतोय. तेव्हापासून चाचानं एक केलं. त्या तंबाखूच्या तीन निशाण्या व्हत्या, तिसरी तो मला कधी बोलला न्हाय. "ती तू मला सांगशील," बोलला.

अकरावा का बारावा डबा. गोल, चित्र घासून गेलेलं, आत तीन-चार वेळा भरण्यापुरतंच. मी वाळू हुंगून उभा राहिलो. लोबान आला. खोगीर आलं. मग मी एकदम ओरडलो, "हलिमाबी, दूध करपतंय!" नि पडवीतनं तसाच स्वयंपाकघरात घुसलो. चूल थंड व्हती. हलिमाबी तांदूळ निवडत व्हती. "कुठलं दूध? घरात थेंब न्हाय," बोलली नि माझ्या वाळूनं भरलेल्या पायांना शिव्या घातल्या. मी बाहेर आलो, चाचाचा पाईप हातातच विझला व्हता. तो हळू बोलला, "तळाला लागलेलं दूध. चौदा वर्सं, नाथ्या... पाईप संपत आला की तळाला लागलेलं दूध."

तो डबा आम्ही दोन दुपारींत संपवला, माझ्या नाकात पक्का बसेपर्यंत. दुसरा तसा कधी मिळाला न्हाय. मुंबईच्या एका माणसानं कळवलं, तो लढाईपासून करतच न्हाईत. म्हणजे घरात त्याचा कण न्हाय, गावात न्हाय. आता वास आला तर एकाच ठिकाणावरनं येणार.

मग वर्सं गेली. चाचाला वास आला की तो पडवीतनं हाक मारायचा, मी हातातलं टाकून धावायचो. "येतोय?" मी सगळीकडं हुंगायचो. न्हाय चाचा. खरंच यायचा न्हाय. तो माझ्या डाव्या पायाकडं बघायचा, पाय गप असायचा, तो मान हलवायचा. पाईप फडक्यात जायचा. मला वाईट वाटायचं, पण एक सांगतो, बरं पण वाटायचं. परतताना मी शीळ वाजवायचो.

शेवटच्या वर्साला त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. थंडीतली गोष्ट. मतलई वारा व्हता, डोंगराकडनं समुद्रात जाणारा. उधाणाची भरती पडवीच्या खालच्या दगडांपर्यंत आलेली. मी चाचाला बोंबलाची चटणी द्यायला गेलो व्हतो. तो ताठ बसला. मांडीवरचं फडकं सोडलं. "नाथ्या," बोलला, "येतोय?"

नि आला. लोबान. भिजलेलं खोगीर. वारा माझ्या पाठीवर, नि वास समोरनं, पाण्यावरनं. वाऱ्याच्या उलटा. असा कुठला वास येत न्हाय, नाकवाल्याचं ऐका, येऊच शकत न्हाय. मी बघितलं तर समोर नुसतं पाणी, चमचमणारं, एक होडी न्हाय. पाण्याचा आवाज पण थांबलाय असं वाटलं. मग दूध लागलं तळाला... अगदी जवळ. सहा पावलांवर. चाचानं पाईप धरलेला हात अर्धा उचलला व्हता, नि तोंड माझ्याकडं. लहान मूल निकाल ऐकायला बसतं, तसं.

मी बोललो, "न्हाय, चाचा. बोंबलांचा वास हाय."

आयुष्यभर मी मजेसाठी खोटं बोललो. त्या दिवशी भीतीनं बोललो. मला वाटलं, मी व्हय म्हटलं की चाचा उठणार, हात पुढं करणार, नि तो पाईप कुणी तरी घेणार... नि मी ते बघणार. माझा डावा पाय नुसता थडथडत व्हता, पडवीच्या सारवणाचा पोपडा निघाला. चाचा खाली बघत व्हता, पायाकडंच. पण त्याला दिसत न्हवतं.

"बरं," तो बोलला. हात खाली घेतला. फडकं बांधलं, तीन वेळा गाठ चुकली. मग बोलला, "चटणी तिखट केलीस काय रे? मला चवच तेवढी कळते." मी विनोद केला. कुठला, आठवत न्हाय. तो हसला, माझी लाज राखायला. बाराव्या दिवशी गेला. हलिमाबी बोलली, मूठ उघडेना, फडकं मुठीत व्हतं.

चाळिसाव्याला तिनं ते माझ्या हातात दिलं. "नाथ्याला द्या, त्याला कळेल कधी द्यायचा ते, असं बोलून ठेवलंय भाईनं." मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, नि बाहेर काय पडलं, तर, "मांजरं बरी हायत ना?" असा मी.

आता दुपारी भरती चढली की मी चाचाच्या पडवीत जाऊन बसतो. त्याच्या खुर्चीवर न्हाय, खाली. पाईप उघड्या तळहातावर ठेवतो नि हात पुढं करतो. बंदरावरची माणसं हसतात, सुकटवाला आता साहेब झाला, विस्तव पाहिजे काय रे, असं बोलतात. मी पण हसतो. हात भरून येतो, मग दुसरा पुढं करतो. ओहोटी लागली की उठतो. पारू विचारते, आला? मी खरं सांगतो.

काल मतलई वारा व्हता. वाळू हुंगून बसलो. लोबान आला, खोगीर आलं, दूध आलं. पायाला पाय लावून पळावंसं वाटलं, पळालो न्हाय. मग त्या सगळ्याच्या मागनं, वाऱ्याच्या उलटा, हळूच हिना अत्तर आलं. हलिमाबीला विचारलं नंतर, शिशी तिनं दर्ग्यात देऊन टाकलीय.

पाईप माझ्या हातावरच हाय, कुणी घेतला न्हाय अजून. पण मी मोठ्यानं बोललो, आतनं हलिमाबीला ऐकू जाईल असं, "व्हय चाचा. येतोय. मला पण येतोय. त्या दिवशी पण आला व्हता."

मग खाली बघितलं. डावा पाय गप व्हता.