भाऊच्या आवाजाला लावलेली पेटी

आलापल्लीत आम्ही बहीण-भाऊ कराओकेचे कार्यक्रम करायचो असं सांगितलं की नागपूरकडची माणसं जरा हसतात. सागवानाच्या जंगलात कराओके ऐकतं कोण? पण ऐकायचे लोक. लाकूड डेपोतल्या कोणाची निवृत्ती, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, बारसं, बचत गटाचा मेळावा. ऑर्केस्ट्रा परवडत नाही आणि डीजेचा धिंगाणा नको, असा माणूस आम्हाला बोलवायचा. भाऊ लाकूड डेपोत मोजणीला होता, मी पोस्टात. गाणं आम्ही कुणाकडे शिकलो नाही. लहानपणी वडील विहारात सगळ्यांसमोर उभं करून भीमगीतं म्हणायला लावायचे, तेवढीच तालीम.

आमच्याकडे स्पीकरची दोन अवजड खोकी होती आणि एक मिक्सर. ॲम्प्लिफायर त्यातच होता, त्यामुळे तोही काही हलका नव्हता. त्याला आम्ही पेटी म्हणायचो. भाऊचा आवाज मुळात पातळ. वरच्या पट्टीत चिरका व्हायचा आणि ते त्याचं त्यालाच आवडायचं नाही. म्हणून कित्येक रविवार त्याने त्या पेटीसमोर बसून घालवले. बेस थोडा वाढव, ट्रेबल उतरव, इको इतकाच ठेव की शब्द संपल्यावर किंचित रेंगाळावा. असं करता करता स्पीकरमधून एक भरलेला, मऊ, जरासा उदास आवाज यायला लागला. लोक तोच भाऊचा आवाज म्हणून ओळखायचे. पहिल्या माईकची बटणं कोणी हलवलेली त्याला खपत नसे. दुसरा माईक माझा. माझी बटणंही तोच लावायचा, मी कधी वाकून पाहिलंसुद्धा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी एका सकाळी तो डेपोतच छाती धरून खाली बसला. दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेला.

पावसाळा संपता संपता त्याच्या बरोबरीचा एक जण निवृत्त झाला. तो घरी येऊन म्हणाला, “बाई, भाऊची आठवण म्हणून तुमी दोन गाणे म्हणा.” मला नाही म्हणवेना. वहिनीही नेहमीसारखी बरोबर आली. ती कधी गायली नाही. वायरी जोडणं, सोडवणं, कोपरापासून अंगठ्यापर्यंत घेऊन त्यांचे वेटोळे करणं, हे तिचं काम. तिच्या हातची वायर कधी गुंतली नाही.

डेपोच्या आवारात संध्याकाळी खुर्च्या मांडल्या होत्या. मागे नंबर घातलेल्या सागाच्या ओंडक्यांची रास. माझ्या माईकची पिन घातली तर खरखर यायला लागली. मी ती काढून शेजारच्या भोकात घातली. खरखर थांबली, ट्रॅक सुरू झाला, मी गायला लागले.

पहिली ओळ स्पीकरमधून बाहेर आली आणि हे कोण गातंय, हे मलाच कळेना.

गाणं खालच्या सुरातलं होतं. आमचे आवाज शेवटी एकाच घरातले. त्यात मी पिन घातली ते भोक पहिल्या माईकचं, आणि त्याची बटणं भाऊने ठेवली होती तशीच होती. माझ्या तोंडून निघालेला शब्द पेटीतून जाऊन येईपर्यंत त्याचा होत होता. समोरच्या माणसांनी माना वळवल्या. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. भाऊ जिथे उभा राहायचा, त्या माझ्या उजव्या हाताच्या रिकाम्या जागेकडे सगळे बघत होते. डेपोचा म्हातारा चौकीदार खुर्चीवरून हळूच उठून उभा राहिला. मी थांबायला हवं होतं. पण मला तो आवाज आणखी ऐकायचा होता. दुसरं कडवं मी मुद्दाम अजून खाली घेतलं.

आणि आवाज बंद पडला.

“लाईन गेली का?” कोणीतरी विचारलं.

“नाई,” वहिनी म्हणाली. तिच्या हातात पिन होती. “मी काढली.”

आम्ही घरी आलो. तिने सामान आत ठेवलं आणि मग दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, ही पेटी मले घरात नोको.”

“वहिनी, चुकून झालं. पुढच्या वेळी मी माझ्याच माईकवर...”

“मी चहाचे कप मांडून राह्यली होती. आवाज आला आन् मी कप ठेवून त्याईच्याकडं पाह्यलं. ते नाईत हे मनातच नाई आलं, बाई. जसं दरवेळी पाहाची, तसंच पाह्यलं.”

मी पेटीवर चादर टाकली. वाटलं, थोडे दिवस गेले की तीच शांत होईल. तसं झालं नाही. एका दुपारी पोस्टातून लवकर सुटले. फाटक उघडून अंगणात आले तर आतल्या खोलीतून स्पीकरवर कोणीतरी बोलत होतं. “जेवाले या.” थोडं थांबून पुन्हा, आवाज आणखी जाड करून, “जेवाले या.” मी दारातून पाहिलं. चादर बाजूला पडली होती. वहिनी पहिला माईक तोंडाशी धरून खाटेवर बसली होती. मला पाहून ती दचकली नाही.

“माह्या आवाजात त्याईचा आवाज नाई येत,” ती म्हणाली. “तुमच्यातच येते.”

तिला काय हवं होतं ते मला कळलं. मी चादर उचलून पुन्हा पेटीवर टाकली.  मग तीच म्हणाली, “म्हणून तर म्हणतो ना, घरात नोको. घरात राह्यली तर मी रोज हेच करीन. उद्या तुमाले म्हणीन, बाई, जरा बोलून दाखवा. मंग काय करसान?”

पुढच्या रविवारी पेटी गोणपाटात बांधून आम्ही एसटीने चंद्रपूरला निघालो. ती बदल्यात देऊन नवीन काहीतरी घ्यायचं होतं. काय घ्यायचं ते भाऊने पूर्वीच बोलून ठेवलं होतं. खेड्यात कार्यक्रम ऐन रंगात आला की लाईन जाते, म्हणून बॅटरीचा स्पीकर हवा. जीपमध्ये मांडीवर मावेल असा हवा. मुख्य म्हणजे गाण्याचे शब्द संगीतात बुडू नयेत. आता त्यात आमची एक भर पडली होती. तो एका बाईला एका हाताने उचलता आला पाहिजे.

दुकानदार पिकल्या केसांचा, बोलका माणूस होता. दोन बायका म्हटल्यावर त्याने आधी भजनाचे स्पीकर दाखवले. कराओके म्हटल्यावर एक चाकांचा, रंगीत दिव्यांचा मोठा स्पीकर ओढत आणला. “ताई, हा घ्या. बिनवायरचे दोन माईक सोबत. आजकाल हाच चालतो.”

मी माईक घेतला आणि एक ओळ म्हटली. शब्द तोंडातून निघाला, आणि निमिषभराने स्पीकरमधून आला. फार नाही, पापणी लवेल इतकाच उशीर. पण माझ्यामागे कोणी उभं राहून माझाच शब्द उचलून म्हणतंय असं वाटत होतं. मी थांबले तर तोही थांबला. थांबला, पण माझ्यानंतर. मी नकळत मागे वळून पाहिलं. मागे मिक्सरचे डबे रचलेले होते.

“ब्ल्यूटूथचा माईक आहे, थोडा लेट येतो,” दुकानदार म्हणाला. “पार्टीत कोणाला समजत नाही.”

“बंद करा ते,” वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

दुसरा स्पीकर लहान होता, पण त्याचा बेस इतका की ट्रॅक लावला की छातीत धडधड व्हायची आणि शब्द ऐकूच यायचे नाहीत. तिसरा होता साधा काळा. दिवे नाहीत, चाकं नाहीत, वर धरायला मूठ. चार्ज केला की अख्खी संध्याकाळ चालतो, आणि वायरचे माईक लावायची सोय. वहिनीने आधी तो उचलून दुकानाच्या दारापर्यंत नेला आणि परत आणला. मग मला म्हणाली, “गा.”

मी गायले. स्पीकरने माझ्या आवाजाला काहीच केलं नाही. जसा होता तसा समोर ठेवला, पातळ आणि वर गेल्यावर फाटणारा. मी मध्येच थांबले. इतकी वर्षं मी ज्याला माझा आवाज समजत होते, तोही भाऊने बटणं फिरवून मला करून दिलेला होता, हे मला त्या दुकानात पहिल्यांदा कळलं. त्याने कधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणूनच सांगितलं नसणार.

“हा चालन,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, चांगला नाही वाटत हो.”

“चांगला नसन. पण याच्यात दुसरं कोणी नाई.”

दुकानदाराने गोणपाट सोडून आमची पेटी टेबलावर घेतली. पिन लावली, मागची जाळी पाहिली, मग सवयीने, बोलता बोलता, पहिल्या माईकची सगळी बटणं डावीकडे फिरवून शून्यावर आणली. बेस, ट्रेबल, इको, एकामागून एक. मी हात पुढे केला तोवर झालं होतं. माझ्या शेजारी वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला. ती रडली नाही. विहिरीत बादली निसटल्यावर माणसाच्या तोंडून निघतो तसा आवाज होता तो.

“काय झालं?” दुकानदार घाबरला. “काही फिरवायचं नव्हतं का?”

“नाई, नाई,” वहिनी म्हणाली. “पाहा तुमी.”

बटणं कुठे होती याची खूण आमच्याकडे नव्हती. भाऊने कधी खूण केली नाही, कारण त्याच्या हाताला माहीत होतं. परतीच्या एसटीत नवा स्पीकर वहिनीच्या मांडीवर होता. बल्लारशाह मागे पडलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मलेच नोको होतं ना ते?” मी हो म्हटलं. तिने मान हलवली. 

भाऊचा मोबाईल तिने बंद केलेला नव्हता. हिवाळ्यात त्यावर एक फोन आला. एटापल्लीच्या पलीकडे, आत जंगलात एक गाव आहे. तिथे आम्ही मागे एकदा गायलो होतो. आता तिथल्या शाळेत नवीन गुरुजी आले होते, आणि गावकऱ्यांनी त्यांना हा नंबर दिला होता. पाटलाच्या घरी बारसं होतं. “गाण्याचे कार्यक्रम करणारे भाऊ आहेत का?” गुरुजींनी विचारलं. वहिनी म्हणाली, “तारीख सांगा.”

आम्ही जीपने गेलो. दुपारची वेळ, अंगणात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून ठेवलेल्या. लाईन नव्हतीच. नव्या स्पीकरवर मी गायले. उघड्यावर माझा आवाज समोरच्या झाडांत जायचा आणि तिथेच राहायचा. सुरुवातीला मी घाबरत होते, पण माणसं ऐकत होती, बायका ताल धरत होत्या. पातळ आवाजाचं कोणाला काही वाटलं नाही.

गाणी झाल्यावर पाटलाची म्हातारी आई आमच्याजवळ आली. तिने गोंडीत काहीतरी विचारलं. गुरुजी हसून म्हणाले, “विचारते आहे, ते गाणारे भाऊ का नाही आले?”

या गावात कोणाला काही माहीतच नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, “डेपोत काम हाय. सुटी नाई भेटली.”

गुरुजींनी ते म्हातारीला सांगितलं. ती आत गेली आणि पानात बांधलेली चारोळी घेऊन आली. मागच्या वेळी भाऊने तिच्याकडची मूठभर चारोळी खाल्ली होती आणि फार वाखाणली होती म्हणे. मला ते आठवतही नव्हतं. “त्यांना द्या म्हणते,” गुरुजी म्हणाले. वहिनीने पदर पसरून ती घेतली.

जीप गावाबाहेर आल्यावर मी म्हटलं, “वहिनी, सांगायचं होतं ना.”

“आलापल्लीत ज्याले पाहा तो माह्याकडं कसा पाह्यते, तुमाले माईत हाय,” ती म्हणाली. “इथी त्या बाईनं मले साधं विचारलं. नवरा कामावर असलेल्या बाईले इचारते तसं. राहू द्या ना बाई, एक गाव.”

“आणि पुन्हा बोलावलं तर?”

“मंग पुन्हा काम असन.”

त्यानंतर आम्ही त्या गावात आणखी गेलो. एकदा तिने सांगितलं साहेब आले आहेत, एकदा सांगितलं गुडघा दुखतो. म्हातारी दरवेळी भाऊसाठी चारोळी द्यायची आणि तो कसा आहे ते विचारायची. वहिनी इतकं सहज उत्तर द्यायची की शेजारी उभ्या असलेल्या मलाच क्षणभर वाटायचं, घरी गेल्यावर तो गुडघ्याला तेल चोळत बसलेला असेल.

यंदा गेलो तेव्हा म्हातारीने काही विचारलं नाही. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, उत्तर तयार ठेवून. म्हातारीने चारोळीचं पान तिच्या हातात ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली. मग तिच्या तोंडाकडे बोट करून, गुरुजींच्या मदतीशिवाय, मराठीत म्हणाली, “तू खा.”

वहिनी तिथेच पडवीत बसली आणि खाऊ लागली.