जबाबात न लिहिलेली खुर्ची

हिरू निरगुडा कुठल्याही खुर्चीवर थेट बसत नसे. आधी उजवा तळहात बैठकीवर दाबून धरायचा, मनात आकडे मोजल्यासारखा थोडा थांबायचा आणि मग तोच तळहात उचलून गालाला लावायचा. त्यानंतर निकाल यायचा. "ही सोडते," किंवा "ही धरते." अंगाची ऊब जिच्यातून निघून जाते ती सोडणारी, जी ती दाबून ठेवते ती धरणारी. जगातल्या सगळ्या खुर्च्या त्याच्या लेखी या दोनच प्रकारच्या होत्या.

रसायनीतल्या, रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी प्रशासन अधिकारी म्हणून रुजू झालो, त्या आठवड्यातच तो रजेचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "बसा." त्याने तळहात ठेवला, गालाला लावला. म्हणाला, "धरते सायब. पर तुमच्याकडं एसी हाय. चालून जाईल." आणि बसला. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. आडनाव वैद्य, पण कर्जतच्या आमच्या घरात दोन पिढ्या शिक्षकी झालेली. समोरच्याला शहाणपण आपण द्यायचं, घ्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. हिरू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. तोंडावर मी त्याला हिरूभाऊ म्हणायचो, पण मनात कायम एकेरीच. इथेही ते तसंच उमटतं आहे, आणि आता ते सजवण्यात अर्थ नाही.

तो चौकच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका ठाकरवाडीतला. आश्रमशाळेत शिकून दहावी झालेला वाडीतला पहिला माणूस. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर तो कारकून होता. आलेली गाडी काट्यावर घ्यायची, भरलेलं वजन लिहायचं, रिकामी झाली की पुन्हा वजन घ्यायचं, पावती फाडायची. केबिन पत्र्याची. दोन बाजूंना काचा, त्यांतली एक पश्चिमेला. दुपारी दोननंतर त्या केबिनीत शिरलं की तोंडावर वाफ आल्यासारखं व्हायचं. पंखा होता, तो तीच हवा फिरवायचा.

त्या केबिनीत हिरूने वीस वर्षं काढली ती स्वतःच्या खुर्चीच्या जोरावर. भंगारातला लोखंडी सांगाडा उचलून त्याने बैठक आणि पाठ दोन्ही बांबूच्या पातळ पट्ट्यांनी विणली होती. वीण मुद्दाम विरळ. दर वर्षी दिवाळीनंतर जुन्या पट्ट्या काढून नव्या घालायचा. मी एकदा विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? स्टोअरमधून गादीची खुर्ची मागा."

"सायब, खुर्ची म्हंजे कापडच हाय," तो म्हणाला. "बसला की आंगात घातली. पाठ झाकली, मांड्या झाकल्या. निम्मं आंग झाकलं. आता वैशाखात कोन गोधडी पांघरून काम करंल?"

हे मी तेव्हा ऐकलं आणि घरी जाऊन बायकोला गंमत म्हणून सांगितलं.

गाड्यांचे ड्रायव्हर त्याला छळायचे. "हिरूभाऊ, सिंहासन इकायचं हाय का?" कुणी विचारलं की हा मान वर न करता म्हणायचा, "घे की. पर मापात बसायला लागंल. तुझं बूड दोन खुर्च्यांचं हाय." सगळे हसायचे. पण गुजरातेतून रात्रभर गाडी हाकत आलेला एखादा ड्रायव्हर, पाठीला सदरा चिकटलेला, काट्यापाशी उतरला की हिरू उठून स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवायचा. "बस दोन मिनिटं. पाठ सुकव. मग बोल." त्याला हिंदी नीट येत नसे, पण हे वाक्य सगळ्यांना कळायचं. माझ्या केबिनीत आलेल्या कुणाला मी अशी खुर्ची दिल्याचं मला आठवत नाही.

मग परदेशी ग्राहकांची पाहणी ठरली. मुख्य कचेरीतून फर्मान आलं, सगळीकडे फर्निचर एकसारखं हवं. खुर्च्या निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी डिसेंबरात मुंबईला गेलो, एका गारेगार शोरूममध्ये चहा पीत दहा मिनिटं एका खुर्चीत बसलो. उंच पाठ, काळं रेक्झिन, जाड फोम, कमरेला आधार देणारा फुगवटा. मी अहवालात लिहिलं, 'अत्यंत आरामदायी.' ते खोटं नव्हतं. तिथे ती आरामदायी होतीच. ती कुठे ठेवली जाणार आहे, कोणत्या महिन्यात, कोणत्या छपराखाली, हे मी स्वतःला विचारलं नाही. साठ खुर्च्या आल्या. एक माझ्या केबिनीत, एक वजनकाट्यावर. जुन्या सगळ्या भंगारात जायच्या होत्या.

हिरू माझ्याकडे आला. "सायब, माझी तेवडी ठेवा. कोपऱ्यात ठेवतो. पावनं आलं की ही काळी पुढं करीन."

"यादीत नाही ती, हिरूभाऊ."

"मी यादीवर बसत नाय ना."

"अहो, नवीन आहे, चांगली आहे. सवय होईल."

त्याने माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग वर एसीकडे. "तुमाला झालीच हाय," म्हणाला आणि गेला.

मार्चच्या सुरक्षा बैठकीत कुणाची काही तक्रार आहे का, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं. हिरू उभा राहिला. "काट्यावरची खुर्ची धरते. दुपारी पाठ पेटती. घाम सुकत नाय, मांड्यांना पुरळ आलंय." प्लँटचे मॅनेजर म्हणाले, "निरगुडा, आजवर माणसाने खुर्ची धरलेली ऐकली होती. खुर्चीने माणूस धरल्याचं प्रथमच ऐकतोय." सभा हसली. मीही हसलो. मॅनेजरांपेक्षा थोडा जास्तच हसलो असेन. इतिवृत्त मी लिहिलं. तक्रारींच्या रकान्यात लिहिलं, 'नाही.'

मग त्याने घरून बांबूची चटई विणून आणली आणि काळ्या खुर्चीवर घातली. पाठीलाही बांधली. चार दिवस त्याचं बरं चाललं असावं, कारण पुन्हा ड्रायव्हरांच्या हसण्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत यायला लागला. पाहणीच्या आदल्या दिवशी मी फेरी मारली आणि ती चटई काढायला लावली. पाहणी होऊन गेली, तरी ती परत घालायची परवानगी दिली नाही. कशाला दिली नाही, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधलं. ती चटई म्हणजे माझ्या निवडीवर चारचौघांत लावलेला शेरा वाटत होता. दुसरं कारण नाही.

एप्रिलपासून तो उभ्याने काम करू लागला. छपन्न वर्षांचा माणूस, आठ तास. पाय भरून आले की पाच मिनिटं बसायचा, पाठ भिजली की पुन्हा उठायचा. पुढे पुढे दोन गाड्यांच्या मध्ये वेळ असला की बाहेर करंजाच्या झाडाखाली जाऊन थांबायला लागला. कॅमेऱ्यात ते दिसत होतं. मी त्याला तोंडी समज दिली.

"जागा सोडू नका, हिरूभाऊ."

"जागा नाय सोडत सायब. खुर्ची सोडतो. जागा थितंच हाय."

एका दुपारी तो करंजाखाली असताना एक गाडी रिकामी होऊन दुसरं वजन न करताच फाटकाबाहेर गेली. पहारेकऱ्याला वाटलं वजन झालं, ड्रायव्हरला वाटलं लागत नाही. पुढे माल देणाऱ्याने वजनावरून वाद काढला, आणि दाखवायला आमच्याकडे पावती नव्हती. चूक हिरूची होती. तो स्वतःच म्हणाला, "चूक माझी हाय."

चौकशी लागली. अशा चौकशीत कामगार बोलतो आणि अधिकारी लिहितो. कामगाराची बोली कागदावर तशीच्या तशी जात नाही. आम्ही ती शुद्ध करतो, आटोपशीर करतो आणि शेवटी 'वाचून पाहिला, बरोबर आहे' अशा ओळीखाली त्याची सही घेतो. आमच्याकडची ती रीतच. हिरूचा जबाब मी लिहिला.

तो म्हणाला होता ते मला शब्द न् शब्द आठवतं. "सायब, काळी खुर्ची आली तवापासून बसवत नाय. तीनदा सांगितलं तुमाला. चटई आनली ती तुमी काढली. त्या दिवशी आंगाची आग आग झाली म्हनून झाडाखाली गेलतो. गाडी कवा गेली, कळलं नाय."

मी लिहिलं: 'सदर वेळी मी माझ्या जागेवर उपस्थित नव्हतो. गाडी गेल्याचे माझ्या लक्षात आले नाही.'

दोन्ही वाक्यं खरी. एका अक्षरालाही कुणी खोटं म्हणू शकणार नाही. मी कागद त्याच्याकडे सरकवला. त्याला वाचता येत होतं. वीस वर्षं तो पावत्या लिहीत होता. तरी त्याने वाचला नाही.

"वाचा एकदा," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मनात तो वाचणार नाही अशी आशा धरून.

"तुमी लिवलंय म्हंजे बराबरच असंल," तो म्हणाला आणि सही केली.

कारण नसलेली गैरहजेरी, आधी दिलेली समज, कंपनीचं नुकसान. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हिरूला काढून टाकलं. खुर्चीचा शब्द जबाबात असता तर ताकीद देऊन सोडलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चौकशीतले दुसरे अधिकारी कागद वाचून म्हणालेही होते, "याला काही म्हणायचंच नाही की काय? काही कारण दिलं असतं तर बघता आलं असतं." मी गप्प बसलो. कारण लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न खुर्ची कुणी निवडली हाच होता.

मे महिन्याच्या शेवटी वजनकाट्यावरचा नवा माणूस आला नाही. गाड्या खोळंबल्या, म्हणून मीच जाऊन बसलो. अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटला. फोम खालून तापत होता. म्हणजे तापत होतो मीच, आणि माझीच ऊब मला परत मिळत होती. मांड्यांखाली घाम साचला, तो जायला वाट नाही. पुढे झुकलो की पाठीला क्षणभर गार लागायचं, टेकलो की पुन्हा ओल्या गोधडीत. तासाभराने मी उठून उभा राहिलो. मग बाहेर गेलो, करंजाखाली. कॅमेऱ्यात मीही दिसलो असणार. मला कुणी समज दिली नाही.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो. हिरू अंगणात टोपली विणत होता. त्याने मला बसायला खाट दिली. मी सगळं सांगितलं. जबाबात काय लिहिलं, काय गाळलं, का गाळलं. सांगताना माझे डोळे भरून आले. तो विणता विणता ऐकत राहिला.

"सायब, मला कशाला सांगता?" शेवटी तो म्हणाला. "मला म्हाईतच हाय. मी थितंच व्हतो."

"माफी मागायला आलो, हिरूभाऊ."

"माफी घेऊन मी कुटं ठेवू? कंपनीला लिवा. वाडीत लोक म्हनत्यात, हिरू झाडाखाली झोपला म्हनून काढला. पोराच्या सासरवाडीत बी त्येच बोलत्यात. झोपलो नवतो, येवडं कागदावर आलं पायजे. नोकरी नको मला आता."

मी शब्द दिला. त्याच रात्री पत्र लिहिलं. या वेळी शुद्ध केलं नाही. तो बोलला तसंच अवतरणात घातलं. खाली तारीख टाकली, सही केली. सकाळी बॅगेत घालून कारखान्यात नेलं आणि संध्याकाळी तसंच परत आणलं. पुढच्या आठवड्यात बढतीची यादी लागणार होती. ती लागली, माझं नाव आलं. मग वाटलं, लगेच नको. मग मुलीचं लग्न ठरलं. पत्र टेबलाच्या खणात होतं. रोज खण उघडायचो, पेन घ्यायचो, खण लावायचो.

जानेवारीत एका ड्रायव्हरने सांगितलं, हिरूभाऊ गेले. छातीत कफ झाला होता, दवाखान्यात उशिरा नेलं. मी दोन दिवसांनी पत्र घेऊन वाडीवर गेलो. हिरूची बायको दाराशी बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिची सून अंगणवाडीत काम करते. तिने पत्र मोठ्याने वाचलं. हिरूचे शब्द जसेच्या तसे ऐकताना म्हातारीने डोळ्याला पदर लावला. अंगणातली दोन-चार माणसं जवळ आली. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे झोपला नवता."

म्हातारीने पदर बाजूला केला. "तारीख काय हाय त्याच्यावर?"

सून थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग तारीख वाचली. म्हातारीने बोटांवर महिने मोजले. दोन्ही हात पुरते लागले नाहीत, पण एक हात पुरला नाही.

"तवा म्हातारा जिता व्हता," ती म्हणाली. तिने सुनेच्या हातातून कागद घेतला आणि माझ्यापुढे धरला. "जिकडचा तिकडं नेऊन द्या. आमाला नको."

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र मॅनेजरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "घेतो फाईलला. पण वैद्य, तारीख तेवढी आजची टाका. नाहीतर इतके महिने कुठे होतात, असं विचारतील."

मी तारीख बदलली नाही. हिरू निरगुडासाठी माझ्या हातून झालं ते एवढंच.