दोनशे चौदा नंबरची फ्रेम

माझा भाऊ आयुष्यात एकदाच चुकला, असं मी म्हणणार नाही. तो पुष्कळदा चुकायचा. भाजीत मीठ दोनदा घालायचा, आणि चष्मा स्वतःच्या डोक्यावर असताना घरभर मला चोर ठरवायचा. पण हाताने बांधलेल्या जुन्या सायकलींच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या एका बाबतीत तो एकदाच चुकला, आणि ती चूक आम्हा दोघांना पुरून उरली. दोघांना म्हणते, कारण तो कागद टाईप मी केला होता. शिवाय मी आणखीही एक काम केलं होतं, ते पुढे सांगते.

दादाला जाऊन आता दोन वर्षं होतील. अजून लोक येतात, जिन्याखालच्या बंद दुकानाकडे बघतात आणि विचारतात, एवढा मोठा पारखी, त्याने शेवटची सहा वर्षं एकाही सायकलला हात का लावला नाही? मी म्हणते, डोळे गेले होते. खोटं आहे. डोळे शाबूत होते, मला जिन्यात चोरून बिस्कीट खाताना तो वरून बघायचा.

दादा उंच होता, त्यातही नुसते पायच. धड बेताचं आणि खाली ते दोन बांबू. गल्लीत त्याला सगळे शिडी म्हणायचे. विसाव्या वर्षी तो सायकली बांधणाऱ्या मास्तरांच्या कारखान्यात शिकायला गेला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, दोन शेगड्या आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी. मास्तर गिऱ्हाइकाच्या पायांचं, धडाचं, हातांचं माप घ्यायचे, पोलादी नळ्या कापायचे, सांध्यांवरच्या टोप्या कानशीने घासून पातळ करायचे आणि पितळ वितळवून सगळं जोडायचे. वर्षाला बारा-पंधरा फ्रेमा, त्यापेक्षा एक जास्त नाही. फ्रेम पुरी झाली की ती उलटी करून, पायडलचा दांडा जातो त्या नळकांड्यावर ठशाने नंबर ठोकायचे. ठसा ठोकायचा अधिकार फक्त त्यांचा.

दादा तिथे सोळा वर्षं होता. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, दोन चाकांचं जमलं की बघू. खरं सांगायचं तर त्याला एकच हवं होतं. मास्तरांनी एकदा म्हणावं, तुझा हात बसला, आता हा ठसा घे. मास्तर म्हणत नव्हते. तिथल्या सोळाव्या वर्षी दादाने सुटीच्या दिवसांत जाऊन एक फ्रेम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने बांधली आणि कुणाला न विचारता तिच्यावर पुढचा नंबर ठोकला. दोनशे चौदा.

मास्तरांनी ती बघितली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरची कानस घेतली आणि सगळ्या कामगारांसमोर तो नंबर घासून काढला. मग म्हणाले, "हात बसला की मी स्वतः देईन. मागून घ्यायची वस्तू नाही ती."

दादाने अंगातला एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि घरी आला. सोनाराने कान टोचले तर दुखत नाही म्हणतात. याचे चांगलेच दुखले. चोवीस वर्षं तो त्या रस्त्याने गेला नाही. मास्तरही कमी नव्हते, त्यांनीही निरोप पाठवला नाही. शेरास सव्वाशेर. मास्तर बसने पाऊण तासावर राहायचे, पण दादासमोर त्यांच्या तब्येतीचा साधा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. माझीही नाही.

पण अबोला माणसाशी होता, कामाशी नव्हता. दादाने दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे जुन्या फ्रेमा जमवणारे हौशी लोक निघाले, आणि त्यांच्यामागोमाग नकला करणारेही. साध्या कारखान्यातली फ्रेम घ्यायची, मास्तरांचं नाव चिकटवायचं आणि वर म्हणायचं, आजोबांची आहे. एकाने अशी फ्रेम आणली, तर दादाने अंगठा ओला करून नावावर घासला. नाव अंगठ्याला चिकटून आलं. "घ्या," दादा म्हणाला, "आता हा अंगठाही मास्तरांनीच बनवलाय."

तो फ्रेम बघायचा तेव्हा आधी हात धुवायचा. मग टोपीच्या कडेचा रंग नखाएवढा खरवडून भिंगातून कानशीच्या रेघा बघायचा. अक्षराला जसा कल असतो तसा घासणाऱ्याच्या हाताला असतो, असं त्याचं म्हणणं. नंबर काय, कुणीही ठोकेल. रेघा चोरता येत नाहीत. मास्तरांच्या रेघा उजवीकडून खाली डावीकडे उतरायच्या, बारीक आणि सारख्या. त्या दिसल्या की तो भिंग पुसून ठेवायचा. मग वर हाक मारायचा, "चिमे, मशीन काढ." मी ऑफिसातून निवृत्त होऊन त्याच्याकडे राहायला आले होते आणि येताना टाईपरायटर घेऊन आले होते. दादा सांगायचा, मी दाखला टाईप करायचे. तेवढीच काय ती माझी पारख.

एका सकाळी मास्तरांची लेक दारात आली. रिक्षातून चादरीत गुंडाळलेली फ्रेम उतरवली. दादाने कारखाना सोडला तेव्हा ती दहा वर्षांची होती, तिला सायकल त्यानेच शिकवली होती.

"ओळखलंत का दादा?"

"तुला ओळखायला भिंग कशाला? गुडघा दाखव, खूण माझ्यामुळेच आहे तिथे." मग फ्रेमकडे बघत, उगाच विचारल्यासारखं, "कसे आहेत?"

"आहेत," ती म्हणाली. "ही बघता का? घेणारा म्हणतो, शिडीदादांचा दाखला असेल तरच."

फ्रेमला रंग नव्हता. नुसत्या पोलादाला तेल लावलेलं. दादाने ती दोन दिवस ठेवून घेतली. पहिल्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, घरी पाहुणा आल्यासारखा. तीन वेळा हात धुतले. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून ओरडला, "चिमे! इकडे ये आधी!"

फ्रेम उलटी टांगलेली होती. त्याने भिंग माझ्या हातात कोंबलं. नळकांड्यावर नंबर होता. वाकडा, पण स्वच्छ. दोनशे चौदा.

"दोनशे तेरा मी बघितलीय, दोनशे पंधरा बघितलीय," तो म्हणाला. "चोवीस वर्षांत हा नंबर त्यांनी कुणाला दिला नव्हता. आणि आता हे बघ. रेघा बघ. उलट्या कलाने. इथे कानस घसरलीय. इथे पितळाचा थेंब तसाच राहिलाय. हा मास्तरांचा हात नाही. कुणातरी शिकाऊ माणसाचा आहे."

तेव्हा मी ते दुसरं काम केलं. मी म्हटलं, "मग त्यांनी नवीन कुणीतरी धरला असेल हाताशी. त्याला देऊन टाकला असेल नंबर."

मला बोलायला कुणी सांगितलं होतं? आयुष्यभर ऑफिसात तोंड मिटून टाईप केलं, आणि नेमकं त्या दिवशी तोंड उघडलं. दादाने डोक्यात राख घालून घेतली. सोळा वर्षं राबला त्याचा नंबर सगळ्यांसमोर खोडायचा आणि कुणा नवशिक्याच्या गचाळ कामावर तोच नंबर ठोकायचा! त्याने मला तिथेच बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. या फ्रेमवरचा ठसा मास्तरांचा आहे, हात त्यांचा नाही. काम शिकाऊ आणि ओबडधोबड आहे. असल्या कामावर त्यांनी आपला ठसा उठू दिला याचं आश्चर्य वाटतं.

'ओबडधोबड'पाशी मी थांबले. "राहू दे का हे?"

"राहू दे."

मी ठेवलं. समास सोडून, खाली तारीख घालून, नीटनेटकं टाईप केलं.

लेक तिसऱ्या दिवशी आली. तिने कागद उभ्यानेच वाचला.

"नीट बघितलंत ना दादा?"

"दोन दिवस बघतोय."

"मापं घेतलीत?"

"घेतली की. कुणातरी लंबूसाठी केलीय. धड आखूड, पाय लांब."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. दादा तेव्हा कापडाने हात पुसत होता, त्याचं लक्ष नव्हतं. तिने फ्रेम परत चादरीत गुंडाळली, कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि रिक्षा बोलावली. ती गेल्यावर दादा त्या दिवशी चांगला जेवला. म्हणाला, चोवीस वर्षांनी का होईना, बोललो एकदाचा.

वर्ष उलटलं. पुन्हा तीच रिक्षा, तीच चादर. या वेळी तिने दारातच सांगितलं, "बाबा गेले. महिना झाला."

दादा स्टुलावर बसला. मग त्याने विचारलं, "कशाने?"

"दुसरा झटका आला."

"दुसरा?"

"पहिल्याला चार वर्षं झाली. उजवी बाजू गेली होती त्यांची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही. तो चादरीकडे बघत होता. मग उठला आणि चादर सोडली. भिंग शोधलं नाही, हातही धुतले नाहीत. टोपीच्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं, एकदा, आणि पुन्हा एकदा, रेघांच्या त्या उलट्या कलाने. त्याचा डावा हात आपोआप मुठीसारखा वळला, जणू कानस धरलीय. मी त्याची बहीण. त्याला कळलं तो क्षण मी समोरून बघितला. असं बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"दोन वर्षं लागली," लेक सांगत होती. "मी फ्रेम धरून उभी राहायचे, ते डाव्या हाताने घासायचे. कानस निसटली की रडायचे. मी म्हणायचे, पुरे बाबा, कशाला? तर म्हणायचे, त्याचा नंबर त्याला द्यायचाय. माप त्यांच्या जुन्या वहीत होतं, तुमच्या पायांचं. शेवटी ठसा ठोकताना हातोडी बोटावर बसली, पण दुसऱ्याला ठोकू दिला नाही."

"माझी?" दादा म्हणाला. "ही माझी होती?"

"तुमचीच आहे. घेणारा-बिणारा कुणी नव्हता, तो त्यांनीच पढवलेला बहाणा."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?" त्याचा आवाज चिरकला. "एक शब्द टाकायचास! मी पायांनी चालत आलो असतो गं!"

"शपथ घातली होती त्यांनी." ती आता रडत होती. "म्हणाले, त्याने हात ओळखला तर सांग, तुझीच आहे, आणि त्याला सोबत घेऊन ये. नाही ओळखला, तर काही बोलू नकोस. गुपचूप परत आण."

मीच शेवटी विचारलं, कारण ते माझ्या बोटांनी टाईप केलेलं होतं आणि वर्षभर मी ते विसरूनही गेले होते. "तो कागद त्यांनी वाचला?"

"नाही. मी रिक्षातच फाडला. घरी सांगणार होते, दादांना अचानक गावाला जावं लागलं, फ्रेम बघायची राहूनच गेली." तिने पदराने तोंड पुसलं. "पण ते सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. दाढी करून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता. रिक्षातून आधी मी उतरले. ते माझ्या मागे बघत राहिले, आणखी कोण उतरतंय म्हणून. मग मी चादर उतरवली."

"काय म्हणाले?" दादाने विचारलं. ऐकू येईल न येईल इतक्या हळू.

"एवढंच म्हणाले, आत घे ती. रंग नाही तिला, गंजेल."