महादूकाकांची उघाडी

पूर्णा गावाच्या खाडीकाठी महादूकाकांनी तीस वर्षं उघाडी सांभाळली. उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की मिटायचं. पुढे शेतावर गोदामं आली आणि काका रिकामे झाले. घरात रिकाम्या माणसाला जो तो दळण आणायला पिटाळतो, म्हणून मुलाची जुनी पँट चढवून ते दापोड्याला पुतणीच्या, पूर्वाच्या, चार्जर-दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले. नियम एकच: कशाला हात लावायचा नाही.

आज एका गोदामातल्या बॅटरीगाडीचा चार्जर आला होता. जेवून आल्यावर पूर्वाने तो लावला तर फ्यूज फट्! दुसरा घातला, तोही फट्!

"काका, हात लावलात?"

"मी? न्हाय गो!"

"लावला असेल तर उद्यापासून दुकानात नाही, देवळाच्या पायरीवर बसायचं. चार वाजता गोदामाचा सुपरवायझर चार्जर न्यायला येतोय."

काकांनी उघड्या चार्जरकडे बोट दाखवून विषय बदलला. "ही चार काली मुंगली काय करतान?"

"डायोड आहेत. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे करते. बॅटरीला ती एकाच दिशेने लागते. डायोड सुलट आली की सोडतो, उलट आली की अडवतो."

"म्हंजे उघाडी!"

"चार उघाड्या. भरतीला दोन उघडतात, ओहोटीला उरलेल्या दोन. पाणी दोन्ही वेळा एकाच नाल्यात."

काकांना घाम फुटला. एका वर्षी ठेकेदाराने झडप उलटी बसवली होती. अख्खी खाडी भातात शिरली, चुलीमागे चिंबोऱ्या सापडल्या. त्या ठेकेदाराला काकांनी महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

"पूर्वा, तू एक डायोड तपासाया काढून ठेवलेला न? तू जेवाया गेलीस तवा तो मीच चिकटवला."

"मला वाटलं मीच बसवला! दिशा दाखवणारा पांढरा पट्टा कुठे केलात?"

"दोघांचा वर व्हता, एकाचा खाली. मी बहुमतानं वर केला."

पूर्वाने कपाळाला हात लावला, मग डायोड फिरवला. तिसरा फ्यूज टिकला. हिरवा दिवा लागला तेव्हा चारला पाच कमी होते.

"दोष कोणी शोधला?" सुपरवायझरने विचारलं.

"काकांनी," पूर्वा म्हणाली. "आणला पण त्यांनीच."

तो गेल्यावर काका हळूच म्हणाले, "उद्या येऊ न?"

"या. पण हात खिशात."

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर हजर झाले. लुंगी नेसून. लुंगीला खिसा नसतो.