चार पायांची ताई

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात चार पायांवर सर्वांत जास्त चाललेला प्राणी कोणता, असं कोणी विचारलं तर मी वाघाचं नाव घेणार नाही. माझ्या कोरपन्याच्या थोरल्या चुलत बहिणीचं घेईन. ती वाघांचा अभ्यास करते. त्यासाठी झाडाला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे बांधते, समोरून कोणी गेलं की ते आपोआप फोटो काढतात. प्रत्येक कॅमेरा बांधला की पाठीवरच्या पिशवीसकट ती स्वतः त्याच्यासमोरून रांगते. तिचा फोटो नीट आला, तरच वाघाचा येणार! मी धानोऱ्याला शिक्षक, त्यामुळे सुट्टीत मलाही रांगायला लावी. मी अवघडलो की म्हणे, "वाघ असा लाजते का? मान खाली घाल अन् चाल."

वाघांच्या पट्ट्यांवरून ती एकेकाला ओळखते, पण लग्नात सख्ख्या मामीला "आपण कुठल्या?" असं विचारून बसली होती. मी रागावलो, तर म्हणाली, "माणसाच्या अंगावर पट्टे नसतात, त्याले मी काय करू?"

मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायच्या दिवसांत धानोऱ्याजवळच्या एका पायवाटेवरचे तिचे दोन्ही कॅमेरे गायब झाले. तिथे पिल्लांची वाघीण फिरत होती. पोलिसांत तक्रार कर, असं सगळ्यांनी सांगितलं. ताई म्हणाली, "तक्रार मंग पाहू. आधी काऊन काढले ते विचारू." जवळच्या गावात जाऊन ती बोअरिंगवर बसली. बायका येत, पाणी भरत, तिच्याकडे न पाहता निघून जात. तीन दिवस असंच चाललं. मी दमलो, ती हलली नाही. चौथ्या सकाळी एका प्रौढ बाईंनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले कॅमेरे तिच्यापुढे ठेवले.

"आमी त्या वाटेनं फुलं वेचाले जातो, तिथंच झाडाआड बसतो, बाई. तुमचा कॅमेरा आमचे फोटो काढून राह्यला. तुमच्या वाघाले लाज नाई, आमाले हाय."

ताईचा चेहरा उतरला. "चूक माझी हाय, मावशी. लावायच्या आधी तुमाले विचारायला पायजे होतं," एवढंच ती बोलली. मग तिथेच लॅपटॉप उघडून बायकांचा एकेक फोटो त्यांच्यादेखत पुसून टाकला. पुसता पुसता पडद्यावर वाघीण आली, मागे दोन पिल्लं. मावशींनी फोटोच्या कोपऱ्यातली वेळ ताईकडून वाचून घेतली.

"पहाटे आमी बी तवाच जातो."

दुपारपर्यंत चर्चा चालली. ऊन वर आल्याशिवाय त्या वाटेला कोणी जायचं नाही, एकटीनं तर मुळीच नाही, असं बायकांनी ठरवलं. कॅमेरे कुठे लावायचे, तेही त्यांनीच दाखवलं. ताईच्या अभ्यासातली सगळ्यांत चांगली वाट गेली, पण तिनं कुरकुर केली नाही. त्या मोसमात गावातली प्रत्येक बाई फुलं घेऊन घरी परतली.

यंदा ताईचं काम सिरोंच्याकडे आहे. तिथल्या लोकांशी बोलता यावं म्हणून तेलुगू शिकते आहे. मी त्या गावावरून गेलो की मावशी विचारतात, "बाई कवा येतेत?" मी म्हणतो, येईल. रविवारी तिचा फोन येतो. आधी वाघिणीची चौकशी, मग पिल्लांची, मग मावशींची. माझी पाळी येईस्तोवर रेंज जाते.