गाडीमागची फांदी

घाटात एसटी दुसऱ्यांदा बंद पडली. माझ्या मांडीवर कंपनीच्या नमुन्यांचा खोका होता. कॉलेज सांभाळून करत असलेली ही पहिली नोकरी आजच जाईल, असं वाटत होतं. मीटिंगला उशीर झाला तर साहेबांना काय सांगायचं, हे ऑफिसची नोकरी कधीच न केलेल्या आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ड्रायव्हरकाकांनी करंजाची फांदी मोडून गाडीमागे रस्त्यात ठेवली.

"ही कशाला, काका?"

"मागच्याला लांबूनच कळाया नको? न्हायतर येऊन आदळंल की!"

बंद पडल्याचं फांदी किती सरळ सांगत होती. मी अजून कुणालाच कळवलं नव्हतं. फोन लावला.

"सर, मी घाटात अडकलेय. मीटिंगला वेळेत पोचणार नाही."

"बरं झालं आधीच कळवलंस, मीटिंग तासभर पुढे ढकलतो," साहेब म्हणाले. तेवढ्यात वळणावरून एक ट्रक आला, फांदी पाहून हळू झाला आणि बाजूने निघून गेला.