एकदमच तयार झालेली कणसं

आई माघात गेली. तिच्या आजारपणासाठी मी सातपूरच्या कारखान्यातली हिशेब विभागातली नोकरी वेळेआधीच सोडली होती. त्यामुळे ती गेल्यावर सकाळी उठून करण्यासारखं काही उरलंच नाही. तिच्या औषधांच्या वेळा तेवढ्या डोक्यात वाजत राहायच्या. उन्हाळा कसा गेला ते मला नीट आठवत नाही. जूनमध्ये मी घरामागची मोकळी जागा कुदळीने खणायला घेतली, तीही अंग दमावं आणि झोप यावी म्हणून.

बियाण्याच्या दुकानात स्वीट कॉर्न मागितलं तर दुकानदार म्हणाला, "किती एकर?"

"एकर कुठले! रो-हाउसच्या मागे थोडीशी जागा आहे."

"मग एका लांब ओळीत लावू नका. आखूड ओळी करून जवळजवळ लावा. तुऱ्यातली भुकटी शेजारच्या कणसावर पडली पाहिजे, नाहीतर दाणे भरत नाहीत."

मी तसंच केलं. पाऊसही बेताचा पडत राहिला. रोपं गुडघ्याला लागली, मग खांद्याला, आणि श्रावणात तुरे आले. कणसांना रेशमासारखे केस फुटले. वारा नसला की सकाळी मी एकेक ताट हाताने हलवून द्यायची. केसांत पिवळी भुकटी घेऊन घरात यायची आणि आरशात बघून मलाच बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. सगळी कणसं एकदमच तयार झाली. दाण्याला नख लावलं की दुधासारखा रस यायचा. झाडावर ठेवली तर निबर होणार, तोडून ठेवली तर गोडी उतरणार. पहिल्या दिवशी मी दोन उकडून खाल्ली, दुसऱ्या दिवशीही दोन. इतकी गोड कणसं मी बाजारातून कधी आणली नव्हती. पण हे कोणाला सांगणार? तिसऱ्या दिवशी कुकर लावायला हात उचलेना. कणसं पिशवीत भरली आणि चपला घातल्या.

समोरच्या घराचं दार एका तरुण बाईने साखळी न काढताच किलकिलं केलं. "काही नकोय आम्हाला."

"विकायला नाही आले. मी समोरचीच, कोपऱ्यावरच्या घरातली. घरचा मका आहे."

साखळी निघाली. "म्हणजे त्या आजारी आजी असतात ते घर ना? कशा आहेत त्या?"

"माझी आई. माघात गेली."

"अगं बाई! आम्हाला कळलंच नाही हो."

तिने कणसं घेतली, आत बोलावलं, पण तिचं मूल रडत होतं. मी निघाले. राग आला नाही. ती राहायला आली तेव्हा मी तरी कुठे गेले होते तिची विचारपूस करायला?

मागच्या गल्लीत एक म्हातारे बाबा पायरीवर बसलेले दिसले. मुलगा आणि सून दोघंही कामावर जायची, हे मूळचे देवळा तालुक्यातले, बोलणं अहिराणी वळणाचं. त्यांनी कणीस घेतलं, तिथेच सोललं आणि कच्चंच खायला सुरुवात केली.

"साखर शे साखर! बस, माय."

मी पायरीवर बसले. जरा वेळाने ते म्हणाले, "तुझी आई गयी ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी नाय. मी वर गच्चीवर बसतो. रोज सकाळी तुझ्या तारेवर चादरी दिसायच्या, कधी दोन, कधी चार. एक दिवस नाय दिसल्या. दुसऱ्या दिवशी पन नाय. मंग समजलं मले."

मी रडले, त्यांच्या दारात, भर सकाळी. त्यांनी समजूत घातली नाही की पाणी आणलं नाही. कणीस खाणं थांबवून ते नुसते बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात उरलेली कणसं घेऊन गेले तर दार त्यांच्या मुलाने उघडलं. रात्रपाळीहून आलेला, डोळे लाल.

"बाबा गावी गेले. कांद्याचं रोप टाकायचंय म्हणाले. खरं सांगू का, इथे करमत नाही त्यांना. आता काही परत येतील असं वाटत नाही."

कणसं मी त्याच्याच हातात दिली. झाडावर राहिलेली निबर झाली. ताटं कापून दूधवाल्याच्या म्हशींना दिली आणि मागची जागा पुन्हा मोकळी झाली.

समोरची ती बाई एकदा भाजीवाल्याच्या गाडीशी भेटली. "कणसं फार छान होती. या ना कधी घरी."

"हो, तुम्हीही या," मी म्हणाले.

अजून आम्ही दोघीही एकमेकींकडे गेलेलो नाही. दिसली की हसते मात्र, मीही हसते.